इल्माचं मत

पेल्टनमध्ये मतदान होतं ते स्वयंपाकघरात. मतपत्रिका पोस्टाने घरी येते, फ्रिजवर चुंबकाखाली चार-आठ दिवस लोंबते, आणि मग एखाद्या रविवारी जेवणं आटोपली की टेबल पुसून घरातली माणसं चालणारं पेन शोधायला लागतात. कुणाच्या मतपत्रिकेवर लोणी सांडतं. कुणी बायकोच्या पाकिटावर आपली सही ठोकतो, बायको त्याच्या, आणि पुढे महिनाभर दोघं त्यावरून एकमेकांना बोलत राहतात. पण एक रीत गावात सगळे पाळतात. ज्याची मतपत्रिका त्याने भरायची आणि बाकीच्यांनी तोवर खिडकीबाहेर बघायचं. नवरा-बायकोसुद्धा बघतात. बाहेर बहुतेक खाडीवरचं धुकंच असतं, बघण्यासारखं काही नसतं, तरी बघतात.

मार्लिस कॅलिओने त्या रविवारी खिडकीबाहेर बघितलं नाही.

तिला ते शक्यही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिची आई इल्मा हिला दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, आणि शब्द गेले. शब्द गेले म्हणजे ती मुकी झाली नव्हती. शब्द भरपूर येत, पण भलतेच. पाणी हवं असलं की ती ‘दार’ म्हणे, झोप आली की ‘बटाटे’. जागेवर नेमके उरले होते ते ‘हो’ आणि ‘नाही’. छापील अक्षरं तिच्यापुढे नाचतात, त्यामुळे वाचणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अशा माणसाची मतपत्रिका घरातल्या कुणी भरून द्यायला कायद्याची हरकत नाही. अट इतकीच की ते माणूस सांगेल तसंच भरायचं.

मार्लिस सत्तावन्न वर्षांची होती. लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. आईला झटका आल्याचं कळलं तशी टॅकोमा शहरातली चांगली नोकरी सोडून ती गावी आली आणि आईचं सगळं करायला लागली. सगळं म्हणजे सगळं. आंघोळ, औषधं, चमच्याने भरवणं, रात्री दोनदा उठून तिची कूस बदलणं. गावात तिचं नाव निघालं की लोक म्हणत, पोरगी असावी तर अशी. ते ऐकून तिला बरं वाटे, आणि घरी आल्यावर वाटे की हे आई कधी म्हणणार. आईला ते म्हणता येणार नव्हतं हे तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग, पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

आणि पोटात दुखायला एक कारण दर गुरुवारी दुपारी गाडी घेऊन दारात यायचं. डॅग्नी टॉरविक.

डॅग्नी आणि इल्मा तरुणपणी खाडीवरच्या कालवांच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या राहून कालवं फोडायच्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात सुरी, आणि तोंडाने अखंड चकाट्या. पुढे डॅग्नी शाळेची बस चालवायला लागली, आता तीही सोडली होती, पण गुरुवार सुटला नव्हता. ती वेलदोडा घातलेला गोड पाव घेऊन येई, इल्मासमोर बसून गावातल्या सगळ्यांच्या नकला करी, आणि इल्मा हसे. तोंडाची एकच बाजू हलायची, तरी पोट धरून हसे. ‘बटाटे, बटाटे’ म्हणत डोळे पुसे. डॅग्नी म्हणे, “अगदी बरोबर बोललीस इल्मे, बटाटाच आहे तो माणूस.” आणि दोघी पुन्हा सुरू.

मार्लिस त्या वेळी आत कपड्यांच्या घड्या घालत असे. दोन वर्षांत आई तिच्याकडे बघून तशी एकदाही हसली नव्हती. जी पुसते, धुते, भरवते तिच्या वाट्याला सुस्कारे, आणि जी आठवड्यातून दोन तास येऊन पाव खाऊन जाते तिच्या वाट्याला हसू. यात डॅग्नीचा काही दोष नव्हता. पण पाण्यात पाहायला माणसाला दोष कुठे लागतो.

त्या वर्षी डॅग्नी नगर परिषदेसाठी उभी राहिली. गावाचा बोटी लागायचा जुना धक्का एका हॉटेलवाल्याला विकायचा घाट घातला होता कर्टिस रीमने. त्याचं खिळे-स्क्रूचं दुकान होतं आणि तो त्याच जागेसाठी उभा होता. धक्का विकायचा नाही, दुरुस्त करायचा, असं डॅग्नीचं म्हणणं. मार्लिसलाही ते पटत होतं. तिने स्वतःच्या मतपत्रिकेवर डॅग्नीच्या नावापुढचा गोल भरला, पाकीट चिकटवलं, सही केली. यात तिला काहीच जड गेलं नाही.

मग तिने आईची मतपत्रिका समोर ओढली.

उमेदवारांची माहिती देणारं फोटोचं पुस्तक मतपत्रिकेसोबतच येतं. मार्लिसने ते आईपुढे धरलं. फोटोही मतपत्रिकेवरच्या नावांसारखेच, डॅग्नीचा वर आणि रीमचा खाली. इल्माने डावं बोट डॅग्नीच्या फोटोवर ठेवलं. मग उचलून पुन्हा ठेवलं, जोराने. आणि हसली. फोटोकडे बघून हसली ती. त्यात डॅग्नीने कधी नव्हे ते केस विंचरलेले होते.

“डॅग्नी?” मार्लिसने विचारलं.

“हो,” इल्मा म्हणाली. “हो, हो.”

तीनदा हो. मार्लिसने सकाळी तिला विचारलं होतं, आंघोळीचं पाणी ठीक आहे का, तेव्हा एकदाही म्हणाली नव्हती.

नेमकं त्या क्षणी मार्लिसच्या डोक्यात काय होतं हे तिला नंतर कितीही आठवलं तरी नीट सांगता आलं नाही. डॅग्नीने हरावं असं तिला वाटत नव्हतं, हे नक्की. आईकडचं आणखी एक काहीतरी डॅग्नीकडे जाऊ नये, इतकंच वाटलं. एक मत. एवढ्याशा मताने काय होतंय. ती पेन घेऊन खाली वाकली आणि डॅग्नीच्या नावाखालचा, कर्टिस रीमच्या नावापुढचा गोल शांतपणे, काठ न सोडता काळा केला.

इल्माने हात पुढे केला. तिला मतपत्रिका बघायची होती. मार्लिसने ती तिच्यापुढे धरली. अक्षरं नाचतात, तिला काय कळणार. इल्मा बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग मुलीकडे. मग तिने डाव्या हाताने पेन मागून घेतलं आणि पाकिटावर जीभ दातांत धरून सही केली. सही कसली, लहान मुलाने भिंतीवर ओढावी तशी रेघ. मार्लिसने दोन्ही पाकिटं वाचनालयासमोरच्या लोखंडी पेटीत टाकली. झाकण बंद झाल्याचा आवाज आला आणि तिथेच, गाडीत परत बसायच्या आत, तिला आपली लाज वाटली.

लाज वाटणं सोपं असतं. पेटीतलं पाकीट परत मिळत नाही, आणि लाज वाटली म्हणून कुणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयात जाऊन आईच्या मतात आपण लबाडी केली असं सांगत नाही. मार्लिसने काय केलं, तर त्या संध्याकाळी आईच्या आवडीची मासळीची कढी केली, भरपूर शेपू घालून. इल्माने दोन वाट्या खाल्ल्या. मार्लिसने स्वतःसाठी वाढून घेतलं नाही.

पुढच्या गुरुवारी डॅग्नी आली ती गळ्यात स्वतःच्याच नावाचा बिल्ला अडकवून. “मत कुणाला दिलंस ते विचारत नाही हं इल्मे,” ती म्हणाली. “विचारायचं नसतं. पण रीमला दिलं असशील तर पावाला हात लावू नकोस.” इल्माने मोठा तुकडा तोडून तोंडात घातला. डॅग्नी टेबलावर थाप मारून हसली. मार्लिस कपड्यांची टोपली उचलून आत गेली, आणि आत घडी घालायला एकही कपडा नव्हता.

मतदानानंतर आठवड्याभराने काउंटीचं पत्र आलं. इल्मा कॅलिओ यांच्या पाकिटावरची सही कार्यालयातल्या सहीशी जुळत नाही, सोबतच्या कागदावर पुन्हा सही करून पाठवा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही. कार्यालयातली सही जुनी होती, उजव्या हाताची. झटक्यानंतर नवी नोंदवायला हवी होती, ते मार्लिसच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र वाचून तिला इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीत बसून थोडी हसलीसुद्धा. मोजलं जाणारच नाही. म्हणजे आपण काही केलंच नाही. तिने ते पत्र कचऱ्यात टाकलं आणि त्या दिवशी आईचे केस धुवून छान वेणी घातली.

हलकेपणा टिकला तो डॅग्नीच्या गाडीचा आवाज येईपर्यंत. तो दिवस गुरुवार नव्हता.

“इल्मे, अगं तुझी सही अडकलीय,” डॅग्नी दारातूनच ओरडत आली. तिचा कोट भिजला होता, चष्म्यावर वाफ आली होती आणि हातात कागद होता. “मार्लिस, तुम्हाला पत्र नाही आलं?”

“आलं असेल,” मार्लिस म्हणाली. “जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेलं असेल. मी बघितलं नाही.”

“काही हरकत नाही. ज्यांच्या सह्या अडकतात त्यांची नावं उमेदवाराला मागता येतात. मी मागितली. आपल्या गावात आता एकच उरलंय, आणि ते कोण, तर माझी इल्मा.” ती इल्मासमोरच्या खुर्चीत धपकन बसली. “कळलं ना तुम्हाला? बरोबरी झालीय. मी आणि तो स्क्रूवाला. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा समसमान. उद्या दुपारपर्यंत हा कागद पोचला तर तुझं पाकीट उघडतील. तुझं एक मत, इल्मे. नाहीतर नाणं उडवणार म्हणे. या वयात माझं नशीब नाण्यावर.”

 मार्लिस ओट्याला टेकून उभी राहिली.

सगळं तिला एका दमात दिसलं. आईने सही केली तर पाकीट उघडणार, आत रीमचा गोल काळा, आणि डॅग्नी एका मताने हरणार. सही नाही केली तर बरोबरी राहणार. आणि हे या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. डॅग्नी, थांब, मी एक वाईट गोष्ट केली आहे. वाक्य जिभेपर्यंत आलं.

“आई आज दमली आहे,” ती म्हणाली. “उद्या केली तर?”

“उद्या मी सकाळीच ऑफिसात पोचायला हवं, तासभर गाडी हाकायची आहे. अगं एक रेघ ओढायचीय, मॅरेथॉन नाही. सही जुळली नाही तरी चालतं, नुसती खूण करायची आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. मी एक आणि तू एक.”

डॅग्नीने कागद टेबलावर ठेवून सरळ केला. खिशातून पेन काढलं, चालतंय का ते तळहातावर बघितलं आणि मार्लिसकडे दिलं. “तू धर तिच्या हातात. मी धरायला नको, उगाच म्हणतील उमेदवाराने हात धरून करवून घेतली.”

इथे मार्लिसला अजूनही सावरता आलं असतं. पण भित्रं माणूस एकदा घसरलं की आणखी खाली जायलाच त्याला सोपं वाटतं. तिने ते पेन घेतलं, आईच्या डाव्या हाताची बोटं उघडली, त्यात पेन ठेवलं आणि बोटं मिटली. “सही कर, आई,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा निघाला. गोळी घे, आई. तोंड उघड, आई. तसाच.

इल्माने तिच्याकडे बघितलं. डोळे निळे, स्वच्छ, जरासुद्धा न नाचणारे. मग तिने पेन टेबलावर ठेवलं.

“नाही,” ती म्हणाली.

डॅग्नी हसली. “अगं इथे, या रेघेवर. इल्मे, माझं मत आहे हे.”

“नाही.”

“नाही म्हणायचंय की दुसरं काही? बटाटे म्हणायचंय का?”

इल्माने बोटाने कागद दूर सरकवला. तो टेबलाच्या कडेवरून खाली पडला. “नाही,” ती पुन्हा म्हणाली, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागली.

डॅग्नीने वाकून कागद उचलला. तिला वाकायला त्रास होत असे, खुब्याचं हाड नवं बसवलेलं होतं. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण ते तिथे राहून गेलं होतं इतकंच. “बरं,” ती म्हणाली. “तुझं मत, तुझी मर्जी.” मग मार्लिसकडे न बघता, “काय गं, माझ्या हातून काही झालं का? मी काही बोलले का हिला?”

मार्लिसने नकारार्थी मान हलवली. तेवढंच तिच्याच्याने झालं. डॅग्नी कोटाची बटणं लावत गेली आणि गाडी बराच वेळ दारात सुरू न होता उभी राहिली.

गाडी गेल्यावर मार्लिस आईच्या खुर्चीपाशी खाली बसली. “आई, तू बघितलं होतंस?”

इल्माने डावं बोट टेबलावर टेकवलं. मग थोडं खाली, दुसऱ्या ठिकाणी. वरच्या जागेवर तिने नुसती टिचकी मारली. खालच्या जागेवर बोट गोल गोल फिरवलं, काठ न सोडता, भरत असल्यासारखं. मग मुलीकडे बघितलं.

म्हणजे रविवारीच तिने बघितलं होतं. बघून तिने सही केली होती. त्या दिवशी तिने मुलीला सोडून दिलं होतं, जसं लहानपणी साखरेच्या डब्यात हात सापडला की दुसरीकडे बघायची तसं. आणि आज गोष्ट मैत्रिणीवर बेतली तेव्हा तिने दोघींना वाचवलं. मैत्रिणीला हरण्यापासून, आणि मुलीला उघडं पडण्यापासून. तेही उरलेल्या दोन शब्दांपैकी एकाने. त्याची किंमत तिने स्वतः मोजली होती, आणि ती किंमत आत्ताच गाडीत बसून गेली होती. मार्लिस आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. इल्माने तिच्या केसांवर हात ठेवला नाही, पण मांडीही काढून घेतली नाही.

नाणं उडालं ते रीमच्या बाजूने पडलं. मार्लिसला हे किराणा दुकानात कळलं. गल्ल्यावरची बाई सांगत होती की डॅग्नीने रीमचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि ‘धक्क्याला निदान रंग तरी लावून विका’ असं म्हणाली, लोक हसले. अंडी तशीच सोडून दुकानाबाहेर यावं की काय असं मार्लिसला झालं. हिशेब सरळ होता. आईचं मत आईने सांगितलं तिथे गेलं असतं, तर नाणं उडवायची वेळच आली नसती.

गुरुवार आला. इल्माने सकाळी हिरवा स्वेटर दाखवला, तो घालून घेतला, आणि जेवल्यावर खुर्ची दाराकडे वळवायला लावली. डॅग्नी आली नाही. संध्याकाळ झाली तशी मार्लिसने दिवा लावला आणि इल्मा म्हणाली, “बटाटे,” आणि खरंच झोपायला गेली.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही हिरवा स्वेटर. त्या दिवशी अडीच-तीनच्या सुमारास रस्त्यावर कुठलीतरी गाडी थांबली आणि इल्मा खुर्चीतून उठायला गेली. एकटी. पडता पडता मार्लिसने तिला धरलं. गाडी पोस्टाची होती. आईचं हलकं, हाडं लागणारं अंग छातीशी धरून उभी असताना मार्लिसला कळलं की आता गप्प बसणं आपल्याला झेपणार नाही. तिने शेजारणीला दोन तास येऊन बसायला सांगितलं आणि गाडी काढली.

डॅग्नी तिच्या गॅरेजमध्ये होती. प्रचाराच्या पाट्या अंगणाअंगणांतून गोळा करून तिने आणल्या होत्या आणि आता त्यांच्या तारा ओढून काढत होती. तारा टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला चालतात.

“आई बरी आहे ना?” तिने विचारलं. पहिला प्रश्न तोच.

“बरी आहे. डॅग्नी, ती तुझ्याविरुद्ध नव्हती.”

“मार्लिस, राहू दे. मत ज्याचं त्याचं असतं.”

“नाही, ऐक. तिने तुझ्या फोटोवर बोट ठेवलं होतं. दोनदा. गोल मी भरला. रीमचा.”

डॅग्नीने हातातली तार खाली ठेवली. “का? त्याच्या दुकानात खिळे फुकट मिळतात?”

“मला रीम नको होता. माझं स्वतःचं मत मी तुलाच दिलं.”

“हे ऐकून मला बरं वाटावं अशी अपेक्षा आहे का?”

“नाही.” मार्लिसला वाटलं होतं की हे सांगताना रडू येईल. ते आलं नाही. “तू आलीस की ती हसते. तुझा फोटो बघून हसली. मी दोन वर्षं तिचं सगळं करते आणि माझ्याकडे बघून ती हसत नाही. मला वाटलं, निदान हे एक तुला मिळू नये. एवढंच. एवढ्याचसाठी.”

 “तिच्याजवळ दोन शब्द उरलेत, मार्लिस,” डॅग्नी म्हणाली. “दोन शब्द आणि एक मत. बाकी सगळं गेलं. आणि त्यातलं तू घेतलंस.”

“हो.”

“आणि त्या दिवशी माझ्यासमोर तू पेन तिच्या हातात दिलंस. सही कर, आई, म्हणालीस.”

“हो. तिने केली असती तर तू हरली असतीस. तिला ते ठाऊक होतं. तिने रविवारीच बघितलं होतं. म्हणून ती नाही म्हणाली.”

हे कळायला डॅग्नीला थोडा वेळ लागला. मग ती एका पालथ्या बादलीवर बसली. मोठी, जाडजूड बाई, बस चालवलेले रुंद हात, आणि ते हात मांडीवर असे पडले की त्यांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. “आणि मी तिला शिव्या घालत होते,” ती म्हणाली. “रोज. भांडी घासताना, गाडी चालवताना. म्हातारी कृतघ्न निघाली म्हणत होते. पाव भाजून तो बदकांना घातला मी, तिला द्यायला नको म्हणून.” तिने बाहीने नाक पुसलं.

“मी काउंटीत जाऊन सांगते,” मार्लिस म्हणाली. “हा गुन्हा आहे. पाकिटावर छापलेलंच असतं.”

“सांगून? रीमच्या हातातून खुर्ची काढून मला देतील? तुला दंड करतील, नाहीतर आत टाकतील. मग इल्माला आंघोळ कोण घालणार, मी? मला स्वतःचा मोजा चढवायला चिमटा लागतो.” ती उठली. “नाही जायचं तू. पण तू सुटलीस असं समजू नकोस. आणि मी माफ केलं असं गावात सांगत फिरू नकोस, कारण मी केलेलं नाही.”

“नाही सांगणार.”

“गुरुवारी येईन मी. तू घरात थांबू नकोस.”

“तिला मध्येच बाथरूमला लागलं तर—”

“कारखान्यात आम्हा बायकांना एकच संडास होता आणि त्याला कडी नव्हती. मला शिकवू नकोस. तू बाहेर जा.”

गुरुवारी मार्लिसने आईला हिरवा स्वेटर घातला, कॉफी करून ठेवली, आणि डॅग्नीची गाडी वळणावर दिसली तशी मागच्या दाराने बाहेर पडली. जायला तिला जागा नव्हती. वाचनालय बंद होतं आणि दुकानात जायची लाज वाटत होती. ती घराच्या मागच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, सरपणाच्या ढिगावर बसली. ऐकायचं नाही असं ठरवून बसली आणि ऐकत राहिली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग डॅग्नीचा आवाज, भरून आलेला. “मला कळलं, इल्मे. पोरगी येऊन सांगून गेली.” मग दोन म्हाताऱ्या बायकांचं नाक ओढणं. मार्लिस भिंतीला डोकं टेकून बसली. तिला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटायचा हक्क नाही असंही वाटलं.

“पण तुला सांगते,” डॅग्नी आत म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “तुझ्या पोटची असली तरी ही तुझी मार्लिस म्हणजे—”

वाक्य तिला पुरं करता आलं नाही. इल्मा बोलायला लागली होती. मार्लिसने दोन वर्षांत आईला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. “दार,” ती ओरडली. “दार, मंगळवार, साबण. नाही. बूट, बूट, चमचा. नाही.” टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला, कप खणखणले. एकाला दुसरा न जुळणारे ते सगळे शब्द ती डॅग्नीवर एकामागून एक फेकत होती, धाप लागली तरी थांबत नव्हती. “आंघोळ,” ती म्हणाली. हा शब्द तेवढा खरा निघाला, कुठून निघाला देव जाणे. “आंघोळ. रात्र. चमचा. माझी.”

“बरं बाई, बरं,” डॅग्नी म्हणाली. “नाही बोलत तिला काही. कॉफी पी, निवतेय.”

बाहेर मार्लिसने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आईने तिला शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या घेतल्या असत्या, त्यासाठी तर ती इथे बसली होती.

आत डॅग्नीने रीमची नक्कल सुरू केली.

मार्लिस उठली आणि खिडकीपासून दूर, रस्त्याच्या कडेने धुक्यात चालायला लागली.